भत्ता आईच्याच नावावर

एलिनॉर रॅथबोन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते बहुधा रवींद्रनाथांच्या एका पत्रामुळे. १९४१ साली या ब्रिटिश खासदारबाईंनी आपल्या भारतीय स्नेह्यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. हिटलरशी जीवनमरणाची लढाई चालू असताना तुम्ही असहकार कसला करता, असा त्याचा एकंदर सूर. नेहरू तेव्हा डेहराडूनच्या तुरुंगात होते. उत्तर दिलं ते अंथरुणाला खिळलेल्या रवींद्रनाथांनी, ४ जूनला, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी. इंग्रजी विचारांचे उपकार आम्हाला कसले सांगता, दोन शतकं राज्य करून खेड्यातल्या बाईला प्यायचं पाणी देता आलं नाही, असं त्यांनी खडसावून विचारलं. आपल्या वाचकाच्या मनात बाईंची प्रतिमा तिथंच गोठली.

रवींद्रनाथांचं काहीच चुकलं नव्हतं. पण याच बाईंनी सतरा वर्षं आधी एक पुस्तक लिहिलं होतं, आणि ते आज महाराष्ट्रात वाचायला हवं. बाईच्या खात्यात सरकारनं दरमहा पैसे जमा करावेत का, यावर लाडकी बहीण योजनेपासून आपण जे वाद घालतोय त्यात एक बाजू ‘खिरापत’ म्हणते, दुसरी ‘भावाची ओवाळणी’. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते रॅथबोन यांच्याइतकं नीट मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्यांचा जन्म १८७२चा. घराणं लिव्हरपूलचं, व्यापारी, गर्भश्रीमंत आणि परोपकारी. पिढ्यान्‌पिढ्या गुलामांच्या व्यापाराला विरोध करणारं. (कापूस मात्र अमेरिकेतून यायचा आणि तिथं तो गुलामच वेचायचे. परोपकारी घराण्यांच्या चोपड्या जरा मागे चाळल्या की असं काहीतरी सापडतंच.) वडील विल्यम रॅथबोन लिबरल पक्षाचे खासदार. घरोघरी जाऊन गरिबांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची पद्धत त्यांनी लिव्हरपुलात सुरू केली. मुलगी ऑक्सफर्डला सॉमरव्हिल कॉलेजात तत्त्वज्ञान शिकली. परीक्षा दिली, पदवी मिळाली नाही, कारण १९२०पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. मग ती लिव्हरपूलला परतली आणि गोदीत गेली.

तिथल्या कामगाराला पगार नव्हता, अर्ध्या दिवसाची मजुरी होती. सकाळी आणि दुपारी माणसं ठरलेल्या जागी उभी राहायची, मुकादम बोट दाखवील त्याला काम. जहाज आलं तर दिवस भरला, नाही आलं तर नाही. रॅथबोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांचे आठवड्याचे जमाखर्च गोळा केले आणि १९०९ साली त्यांचा अहवाल छापला. पाव किती, चहा किती, कोळसा किती, भाडं किती, गहाणवटीच्या दुकानात किती. ते दुकान म्हणजे त्या घरांची बँकच. नवऱ्याचा रविवारचा कोट सोमवारी तिथं जायचा आणि शनिवारी मजुरी हाती आली की सोडवून आणायचा. हा सगळा हिशेब बायको सांभाळायची, पण नवऱ्याची नेमकी कमाई अनेकींना ठाऊक नसायची. तो जे काढून देईल त्यात भागवायचं. चार पोरं असली तरी तेवढंच आणि आठ असली तरी तेवढंच.

त्याच वर्षी रॅथबोन लिव्हरपूलच्या नगर परिषदेवर अपक्ष म्हणून निवडून आल्या. परिषदेतली ती पहिली बाई, आणि ती जागा त्यांनी १९३५पर्यंत टिकवली. पण त्यांच्या विचाराला खरी कलाटणी मिळाली ती पहिल्या महायुद्धात.

पुरुष आघाडीवर गेले तेव्हा सरकारनं सैनिकांच्या बायकांना भत्ता सुरू केला. रक्कम मुलांच्या संख्येप्रमाणे वाढणारी, आणि थेट बायकोच्या हाती. लिव्हरपुलात या वाटपाचं काम रॅथबोन बाईंकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदाच हजारो बायकांना दर आठवड्याला, न चुकता, ठरलेली रक्कम मिळू लागली. घरं सावरली, मुलांच्या अंगावर मांस दिसू लागलं. युद्धानं नवरा नेला आणि घरात स्थैर्य आणलं, हा विचित्र प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर घडला आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला.

इतरांनीही लावला, पण वेगळा. बायकांच्या हाती पैसा आला म्हणजे त्या दारू पिणार, असा ओरडा वर्तमानपत्रांतून आणि कोर्टांतून सुरू झाला. युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तोवर, १९१४च्या ऑक्टोबरात, सरकारनं सैनिकांच्या बायकांच्या वागणुकीवर पोलिसांनी नजर ठेवावी आणि ‘नालायक’ ठरतील त्यांचा भत्ता बंद करावा असं परिपत्रक काढलं. नवरा खंदकात मरायला पाठवलेला, आणि बायकोच्या दारात हवालदार. दिलेल्या पैशाच्या बदल्यात बाईचं चारित्र्य तपासायचा अधिकार आपल्याला मिळतो, अशी देणाऱ्याची समजूत असते आणि ती फार चिवट असते.

१९२४ साली त्यांचं ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ प्रसिद्ध झालं. नाव करुण आहे, मजकूर अजिबात नाही. त्यात बाईंनी अर्थशास्त्रज्ञांना त्यांच्याच मैदानात गाठलं. तेव्हाच्या पुरोगामी मंडळींची लाडकी मागणी होती ‘कुटुंबाला पुरेल इतकं वेतन’. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, तीन मुलं. रॅथबोन यांनी साधा हिशेब केला. प्रत्येक प्रौढ पुरुषाला पाच माणसांचं वेतन द्यायचं ठरवलं तर अविवाहितांना, मुलं नसलेल्यांना, मुलं मोठी झालेल्यांनाही ते मिळेल. म्हणजे देश तीस लाख न झालेल्या बायका आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक न जन्मलेली मुलं पोसणार. आणि ज्या घरांत खरोखर पाच-सहा पोरं आहेत, तिथली तिसऱ्यानंतरची पोरं मात्र उपाशीच राहणार. वेतन कामाचं असतं, ते पोरांच्या संख्येला कधीच जुळणार नाही. म्हणून पोरांचा खर्च वेतनातून वेगळा काढा, तो समाजानं उचलावा, आणि पोरं जी वाढवते तिच्या हाती द्यावा.

दुसरा धागा समान वेतनाचा. बाईला कमी पगार का? तर पुरुषावर कुटुंबाचा भार असतो म्हणून. मालकही हेच म्हणायचे, कामगार संघटनाही हेच म्हणायच्या, आणि पुष्कळ बायकांनाही ते रास्त वाटायचं. रॅथबोन म्हणाल्या, कुटुंबाचा भार वेतनातून काढून घेतला की ही सबब आपोआप गळून पडते. घरी मुलं वाढवणारी बाई आणि गिरणीत काम करणारी बाई यांची भांडणं लावायची गरजच उरत नाही. माझ्या मते पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष गेलं.

तिसरी गोष्ट त्यांनी बेधडक लिहिली. इतकं सरळ गणित पुरुषांच्या गळी का उतरत नाही? कारण बायको-पोरं आपल्या जिवावर जगतात, या जाणिवेत पुरुषाला एक सुख असतं. सुलतानाला जनानखान्याचं असतं तसं. त्याला त्यांनी ‘तुर्की गंड’ म्हटलं. तुर्कांवर हा अन्याय झाला खरा. नमुने शोधायला इतक्या लांब जायची गरज नव्हती, लिव्हरपूलच्या त्यांच्याच वस्तीत हवे तितके होते.

विरोध सगळ्या दिशांनी आला. मताधिकाराच्या लढ्यातल्या त्यांच्या पूर्वसूरी मिलिसंट फॉसेट यांना वाटलं, आईबापांची जबाबदारीच संपेल. १९१९ साली फॉसेट यांच्याकडूनच रॅथबोन यांनी स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद घेतलं होतं, त्यामुळे हा घरातलाच वाद होता. समानतावादी बायका म्हणाल्या, तुम्ही बाईला पुन्हा पाळण्याशी बांधताय. अशा वादांच्या ओघात १९२७ साली संघटना फुटली. कामगार संघटनांना भीती होती की भत्त्याची सबब पुढे करून मालक मजुरी कापतील, म्हणून १९३० साली त्यांच्या महासंघानं भत्त्याला नकार दिला. ही भीती खुळी नव्हती. फ्रान्समध्ये कारखानदारांनी भत्ते देण्यासाठी निधी उभारले तेव्हा मजुरी रोखून धरणं हाही त्यांचा एक हेतू होताच. आणि रॅथबोन बाई स्वतः पाठिंबा मिळवताना फार सोवळं पाळत नव्हत्या. जननदराची काळजी करणारे, ‘चांगल्या वंशाची’ भाषा बोलणारे यांच्यासमोरही त्यांनी त्यांना रुचतील असे मुद्दे मांडले. हे त्यांच्या खात्यावर लिहावंच लागेल.

एक माणूस मात्र पुस्तक वाचून पूर्ण पालटला. विल्यम बेव्हरिज तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. त्यांनी आपल्या संस्थेतल्या शिक्षकांना मुलांचा भत्ता सुरू केला. आणि १९४२ साली ब्रिटिश कल्याणकारी राज्याचा आराखडा ठरलेला अहवाल त्यांनी लिहिला तेव्हा मुलांचे भत्ते हे त्याचं एक गृहीतकच होतं.

१९२९पासून रॅथबोन अपक्ष खासदार होत्या. मतदारसंघही मजेशीर. इंग्लंडमधल्या काही विद्यापीठांचे पदवीधर टपालानं मत द्यायचे. पक्ष नाही, झेंडा नाही, दारोदार फिरणं नाही. अशा जागेवरून माणूस एक तर झोपा काढतो किंवा सगळ्यांच्या नाकी नऊ आणतो. बाईंनी दुसरा पर्याय घेतला. हिटलरपासून पळालेल्या ज्यूंसाठी, स्पेनच्या यादवीतल्या निर्वासितांसाठी, नाझींचेच बळी असूनही ‘शत्रूदेशाचे नागरिक’ म्हणून ब्रिटननं छावण्यांत कोंडलेल्यांसाठी त्या मंत्र्यांना प्रश्नांनी इतकं भंडावत की व्हरांड्यात त्या दिसल्या की अधिकारी वाट बदलत, असं सांगतात. निर्वासितांवरचं त्यांचं काम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

भत्त्याचा कायदा अखेर १९४५ साली झाला. त्यामागचं कारण पाहण्यासारखं आहे. बाईंचा युक्तिवाद पटला म्हणून तो झालाच नाही. युद्धकाळात सगळ्यांची मजुरी वाढवली तर महागाई भडकेल, त्यापेक्षा पोरं असलेल्यांनाच थोडं द्यावं, हे स्वस्त पडतं, असा हिशेब सरकारनं केला होता. अर्थशास्त्रज्ञ केन्सनं १९४० सालीच युद्धाचा खर्च भागवण्याच्या आपल्या योजनेत मुलांचा भत्ता घातला होता. योजना मंजूर होते एका कारणासाठी, आणि पुढे तिचं काय होतं ते त्या कारणावर ठरतं. बेव्हरिजनं आठवड्याला आठ शिलिंग सुचवले होते, सरकारनं पाचच दिले. पहिलं मूल वगळलं. आणि विधेयकात लिहिलं, भत्ता वडिलांच्या नावे.

बहात्तर वर्षांच्या रॅथबोन सभागृहात उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्यासाठी झटल्या ते विधेयक समोर होतं, आणि त्यांनी सांगितलं की पैसे बापाच्या नावे जाणार असतील तर मी याच्या विरोधात मत देईन. व्यवहारी माणूस म्हणेल, काय हा हट्ट! पैसे घरातच येताहेत ना? शेवटी सरकारनं या मुद्द्यावर पक्षादेश मागे घेऊन मोकळं मतदान होऊ दिलं आणि सभागृहानं आईचं नाव घातलं. जानेवारी १९४६मध्ये रॅथबोन वारल्या. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा देशभरातल्या आया पोस्टाच्या खिडकीवर रांगा लावून आपापल्या पुस्तिकेतली चिठ्ठी फाडून देऊन पैसे घेऊ लागल्या.

हा हट्ट वाजवी होता का, याचं उत्तर तीस वर्षांनी मिळालं. मुलं असलेल्या नोकरदार बापाला आयकरात सूट मिळायची. ती आणि भत्ता एकत्र करून सगळी रक्कम आईला द्यायची, पहिल्या मुलापासून, असा कायदा १९७५ साली तेव्हाच्या मंत्री बार्बरा कॅसल यांनी आणला. पुढच्या वर्षी कॅलहॅन पंतप्रधान झाले, कॅसल यांना घरी बसवलं, आणि मंत्रिमंडळानं योजना गुपचूप लांबणीवर टाकली. कारण पुरुषांच्या हातात पडणारा पगार कमी दिसला असता आणि तो कामगारांना खपला नसता. मंत्रिमंडळाची कागदपत्रं फुटली, बाल-दारिद्र्याविरुद्ध काम करणाऱ्या फ्रँक फील्ड यांनी ती साप्ताहिकात छापली, गदारोळ झाला आणि १९७७ ते १९७९ या काळात योजना टप्प्याटप्प्यानं आणावीच लागली. घरातले एकूण पैसे जवळपास तेवढेच, फक्त पाकीट बदललं. पुढे १९९७ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातले घरखर्चाचे आकडे तपासले. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. ‘पैसे घरातच येताहेत ना’ याला आकड्यांत मिळालेलं हे उत्तर.

आता भारत. इथं मात्र बाईंचं काहीतरी पार बिनसलं.

१९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ आलं, बालविवाहासारख्या इथल्या दोषांवर बोट ठेवणारं. गांधीजींनी त्याची संभावना गटार-तपासनिसाचा अहवाल अशी केली, ती सर्वश्रुत आहे. रॅथबोन हे पुस्तक वाचून हादरल्या आणि भारतीय बायकांची जबाबदारी आपल्यावर आहे असं त्यांनी मनावर घेतलं. १९२९ साली लंडनमध्ये त्यांनी भारतातल्या स्त्रियांवर परिषद भरवली. बोलणाऱ्या बहुतेक ब्रिटिश, त्यातल्या अनेकींनी भारत पाहिलेलाही नाही. सभेतून धनवंती रामा राव उठल्या आणि त्यांनी विचारलं, आमच्या सामाजिक दोषांवर लंडनमध्ये बसून परिषद घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आमच्या बायका हे काम आधीच करताहेत.

ते खरंच होतं. रखमाबाईंनी बालपणी लादलेलं लग्न झुगारून मुंबईच्या कोर्टात लढा दिला तो १८८४ ते १८८८ या काळात, म्हणजे एलिनॉर शाळकरी मुलगी असताना. पंडिता रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक १८८७चं. मुलींच्या संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१च्या आगेमागे पुण्यात जो वणवा पेटला त्यात आगरकरांनी काय सोसलं ते आपल्याला ठाऊक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२१पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते. आणि सभेत उठून बोललेल्या धनवंती रामा राव यांनीच पुढे १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना उभी केली. बाईंनी १९३४ साली बालविवाहावर पुस्तक लिहिलं, त्यात १९२९चा बालविवाह रोखणारा शारदा कायदा कागदावरच राहिला ही तक्रार रास्त होती. त्या अनास्थेचा दोष ब्रिटिश सरकारलाही त्यांनी दिला. पण वाचताना जाणवतं ते असं की त्यात इथल्या बायका पीडित म्हणून आहेत, सहकारी म्हणून क्वचितच.

मताधिकाराच्या प्रश्नावर हे जास्तच उघडं पडलं. भारताच्या राज्यकारभारासाठीच्या १९३५च्या कायद्याची तयारी चालू होती. अखिल भारतीय महिला परिषदेसह तीन संघटनांची मागणी स्पष्ट होती: सर्व प्रौढांना मत, राखीव जागा नकोत. राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी, शरीफा हमीद अली यांनी लंडनमध्ये जाऊन हेच सांगितलं. रॅथबोन यांचं म्हणणं, एवढं मिळणार नाही, व्यवहारी व्हा. मालमत्ताधारक पुरुषांच्या बायकांना मत आणि काही राखीव जागा पदरात पाडून घ्या. ब्रिटनमध्ये १९१८ साली असंच झालं होतं, तिशीवरच्या बायकांना बव्हंशी स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या घराच्या आधारावर मत मिळालं आणि दहा वर्षांनी सगळ्यांना. बाईंनी आपला नकाशा इथं अंथरला. पण ज्या बाईला पाच शिलिंगसुद्धा नवऱ्यामार्फत मिळालेले चालत नव्हते, तिनं भारतीय बाईचं मत नवऱ्याच्या मालमत्तेवर टांगायला निघावं? लिव्हरपूलच्या मजुराच्या बायकोला स्वतःचं हित कळतं, यावर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. अमृत कौर यांना कळतं, हे मानायला त्या तयार नव्हत्या. १९४१च्या पत्रातली चूक याच जातीची.

यावरून त्यांचं सगळंच काम साम्राज्याच्या खात्यात टाकून मोकळं व्हायचं, ही सध्याची सोपी पद्धत. मी तसं करणार नाही. उलट त्यांचा मूळ विचार त्यांच्यापेक्षा मोठा होता असं म्हणेन, आणि तो त्यांनी जिथं सोडला तिथं त्याच विचारानं त्यांना धरता येतं.

तर आता आपल्याकडे. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २०२४च्या जूनअखेरीस निघाला. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या बायकांना महिन्याला १५०० रुपये, थेट त्यांच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या बँक खात्यात. ऑगस्टात, राखी पौर्णिमेच्या तोंडावर पहिले हप्ते पडले, नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक झाली, आणि त्यात २१०० रुपयांचं आश्वासन होतं. पैसा बाईच्या खात्यात जातो, ही गोष्ट छोटी नाही. नवऱ्याच्या खात्यात येणाऱ्या अनुदानांचं काय होतं ते गावागावातल्या बायका सांगतील. ‘आता शेतात मजुरीला बायका मिळेनात’ ही तक्रार ऐकली की मला १९१४चं ते परिपत्रक आठवतं. पंधराशे रुपयांत कुणी घरी बसत नाही. पडेल त्या मजुरीला नाही म्हणायची थोडी ताकद येते एवढंच, आणि तक्रार नेमकी तिथूनच येते.

पण ओवाळणी म्हणून दिलेला पैसा भावाच्या मर्जीनं थांबतो. ही योजना कायद्यावर नाही, शासन निर्णयावर उभी आहे. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले. निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली आणि नावं गळू लागली. अपात्रांना वगळू नये असं मी म्हणत नाही. पुरुषांच्या नावावर हप्ते गेल्याचं उघड झालं, ते थांबलंच पाहिजे. पण मग २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली आणि त्यात बाईला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर दुसरा मार्ग काय, असं प्रशासन म्हणेल. टाकलेल्या बाईनं त्या क्रमांकासाठी येणारा ओटीपी कुणाकडून आणायचा? नवऱ्याशी अबोला असलेल्या बाईनं? उत्पन्नाची अट ‘कुटुंबाची’ ठेवली की बाईचा हक्क नवऱ्याच्या फोनवर येणाऱ्या सहा आकड्यांत अडकतो. रॅथबोन सरसकट भत्त्याचा आग्रह धरत त्यामागे हेच होतं. गरिबी सिद्ध करायला लावली की दारात तपासनीस येतोच. ज्यांना गरज नाही त्यांच्याकडून कराच्या रूपानं परत घ्या, पण देताना चाळणी लावू नका.

सरसकट देणं राज्याच्या तिजोरीला झेपेल का, हा आक्षेप खोटा नाही. ब्रिटनलाही झेपलं नाही म्हणून तर पाच शिलिंग आणि पहिलं मूल वजा. २०१३पासून तिथंही जास्त कमाई असलेल्या घरांकडून हा लाभ करातून परत घेतला जातो. पण कमी रक्कम, कायद्यानं बांधलेली, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढणारी, आणि नाव कापलं तर दाद मागायची सोय असलेली. ही तडजोड मला २१००च्या घोषणेपेक्षा हजारपटीनं बरी वाटते. कायद्याशिवाय रक्कम वाढवणं म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंतची उधारी.

शिवाय हा पैसा नेमका कशाबद्दल, हे आपण ठरवलेलंच नाही. रॅथबोन यांचं उत्तर होतं, पोरं वाढवण्याच्या कामाबद्दल. ते जसंच्या तसं इथं लागू होत नाही. आपली योजना निपुत्रिक आणि साठीच्या बायकांनाही आहे, आणि ते मला चुकीचं वाटत नाही, कारण आपल्याकडे बाई आयुष्यभर कुणाला ना कुणाला सांभाळत असते: पोरं, सासू-सासरे, दीर, गुरं, शेत. पण मग तसं लिहा. शासन निर्णयात महिलांचं आरोग्य, पोषण, सबलीकरण असे शब्द आहेत. घरातल्या कामाचा मोबदला हा शब्द नाही. तो लिहिला की लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि सरकारला तो नको असावा. या योजनेचे लाखो अर्ज ज्यांनी गावोगाव भरून घेतले त्या अंगणवाडी सेविकांना अर्जामागे ५० रुपये ठरले होते. त्या सेविका वर्षानुवर्षं राज्याची पोरं सांभाळताहेत, त्यांना वजनकाट्यावर घालताहेत, खिचडी शिजते की नाही पाहताहेत, आणि राज्य त्यांना वेतन देत नाही, मानधन देतं. सांभाळण्याच्या कामाला पैसे द्यायचे हे सरकारला खरोखर मान्य असेल तर पहिली पगारपत्रकं त्यांची निघायला हवीत. त्यासाठी नवं पोर्टलही लागणार नाही, त्यांची नावं सरकारच्या हजेरीपटावर आधीपासूनच आहेत.